अकरा दाणे

पाच डिसेंबरची संध्याकाळ. ओसरीत सतरंजी टाकून तिच्यावर जुन्या कॅलेंडरचं मोठं पान पालथं पसरलं होतं आणि दोन्ही मुलं त्यावर ओणवी झाली होती. वर ठळक अक्षरात ‘हिवाळ्यातले सण’. डावीकडे एकाखाली एक धर्मांची नावं, प्रत्येकापुढे सणाचं नाव, तारीख, त्या दिवशी काय खातात, आणि शेवटी चित्राची चौकट. थोरली आठ वर्षांची, अक्षर वळणदार, म्हणून लिहिण्याचं काम तिचं. धाकटा सहाचा, रंग त्याचे. बौद्ध धर्मापुढे मी ‘६ डिसेंबर’ लिहायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी होता. वस्तीतल्या विहाराला चुना लागत होता, मुलांनी तो येता-जाता पाहिला होता. धाकट्यानं चौकटीत फुगे काढले. निळे, पांढरे, मधे एक लाल. मी पाहिले, ‘छान’ म्हटलं आणि कणीक भिजवायला आत गेले.

सकाळी वस्तीतली मावशी दारात आली. आमच्या वावरात ती कापूस वेचायला येते. “आज येत नाई वेचाले, सांगाले आली होती,” म्हणाली. तेवढ्यात तिची नजर भिंतीवर लावलेल्या कागदाकडे गेली. ती सावकाश, ओठ हलवत वाचते. वाचून झाल्यावर तिनं बोट चित्रावर ठेवलं.

“हे फुगे कायले व बाई?”

मी म्हटलं, आजचा दिवस म्हणून.

“आज बाबासाहेब गेले. तुमच्या घरी तेरवीले फुगे लावता का?”

चिडून नाही म्हणाली, नुसतं विचारलं. मला काही बोलता आलं नाही. धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता; त्याच्या फुग्यांचं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं, आणि चूक त्याची नव्हतीच. मी मावशीला विचारलं, संध्याकाळी आम्ही आलो तर चालेल का? “या ना. पांढरं असन तं पांढरं घाला,” एवढं सांगून ती गेली.

संध्याकाळी आम्ही गेलो. पांढऱ्या साड्यांच्या रांगा, फोटोपुढे मेणबत्त्या, आधी त्रिशरण-पंचशील, मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. गावातली काही माणसं दोन दिवस आधीच रेल्वेनं दादरला निघून गेली होती, चैत्यभूमीला. जी गेली नव्हती ती इथं बसली होती. मावशीनं मुलांना जवळ घेऊन सांगितलं, की १९५६ साली तिचे वडील लहान होते, आणि १४ ऑक्टोबरला आपल्या बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेले होते. ज्यानं आपल्याला नवा धम्म दिला तो माणूस पुन्हा कधीतरी जवळून दिसेल, असं तिथून परतलेल्या कितीतरी जणांना वाटत होतं. थोरलीनं घरी आल्यावर कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले. १४ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर, त्रेपन्न. “फक्त त्रेपन्नच दिवस, आई?” ती म्हणाली. त्या रात्री तिनं कागदावरचे फुगे खोडले नाहीत. त्यांच्यावर पांढरा कागद चिकटवून त्यावर एक मेणबत्ती काढली.

मी किती वरवरचं शिकवायला निघाले होते, ते मला त्या पांढऱ्या चिटोऱ्यानं दाखवलं. सण, व्रत, जत्रा, उरूस, जयंती, पुण्यतिथी, उपास, पर्व: आपल्या भाषेत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, कारण प्रत्येकात माणूस वेगळा वागतो. जत्रेत हसतो, पुण्यतिथीला बसतो, उपासाला स्वतःला आवरतो. मी मात्र सगळ्यांना ‘सण’ या एकाच गोणीत भरलं होतं. का, तर तक्ता नीट दिसावा.

आमची शाळा घरातच भरते. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही नागपूरहून पांढरकवड्याजवळच्या या गावी आलो, सासूबाईंसोबत राहिलो, आणि परत गेलो नाही. मुलांचा बाबा शेती बघतो. मी आधी शिकवायचे, आता या दोघांना शिकवते. पुढं थोरली मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा देईल, मागून धाकटा. गणित, भाषा, परिसर यांचं मला कधी ओझं वाटलं नाही. शाळेच्या बाकावर मात्र शेजारी कुणाचंही मूल बसतं. डबा उघडला की दुसऱ्याचं घर दिसतं. घरी शिकणाऱ्या मुलाला तो शेजार आपणहून मिळत नाही, आईबापानं चालत जाऊन आणावा लागतो. आमच्या गावात मराठा-कुणबी आहेत, बौद्ध वस्ती आहे, मुसलमानांची सात-आठ घरं आहेत, गोंड आहेत, थोड्या अंतरावर कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, आहे. एवढं सगळं पाचशे पावलांत असताना मी मुलांना कागदावर शिकवत होते.

तक्त्याची कल्पना सेवाग्रामहून आली होती. मागच्या वर्षी तिथल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही बसलो होतो. उपनिषदातलं, कुराणातलं, पारशांच्या अवेस्तातलं, आणि सुरुवातीलाच जपानी बौद्धांचं ‘नाम्यो हो रेंगे क्यो’. धाकटा आठवडाभर ते म्हणत फिरत होता. ती प्रार्थना मला आजही फार आवडते. पण ती तिथं बसते, कारण त्या-त्या धर्माची माणसं खरोखर त्या आश्रमात राहून गेली होती. जपानी भिक्षू तिथं होते म्हणून त्यांचा मंत्र आला. आधी माणूस आला, मागून शब्द. मी उलटं करत होते.

म्हणून यंदा घरात एक नियम केला. ज्याचा दिवस, त्याच्याकडून शिकायचा. बोलावलं तर जायचं, नाही तर विचारून जायचं. आणि ज्याचं घर आपल्याला ठाऊक नाही, त्याची गोष्ट ऐकायची, पण त्याची पूजा आपल्या ओसरीत मांडायची नाही.

तक्त्यात एक ओळ आधीपासूनच अडली होती. इस्लामपुढे थोरलीनं तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ती शेजारच्या चाचीकडे गेली आणि विचारून आली. चाची म्हणाली होती, “आमची ईद थंडीतबी येते, उन्हातबी येते, पाण्यातबी येते. तिले एक जागा नाई, बेटा.” मुलीला हे उत्तर पटलं नाही. सणाला जागा नाही म्हणजे काय? मी म्हटलं, नवीन तूर घरात आली की सांगते. ते पुढं.

नाताळ आम्हाला सिस्टर आजींनी शिकवला. त्या तालुक्याच्या गावी राहतात. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं ख्रिस्ती लोकांशी नातं जुनं आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळलाच सुरू झाली आणि तीस वर्षांनी, १९८३ला, पुण्याला गेली. सिस्टर आजींना मी फोनवर म्हटलं, मुलांना नाताळ सांगाल का? त्या म्हणाल्या, “आत्ताच ये. पंचवीस तारखेला येऊन काय कळणार? आधीचे चार रविवार वाट बघायचे असतात.” म्हणून आम्ही दोन रविवार आधी गेलो. त्यांच्या घरी पितळी ताटात करंज्या होत्या, अनारशाचं पीठ भिजलेलं होतं. दिवाळीला आमच्याकडे जे असतं तेच. दारावर बांबूच्या कामट्यांची, कागद लावलेली चांदणी. आकाशकंदिलाच्या हातानंच ती बनली होती, फक्त टोकं पाच.

त्यांनी मराठी बायबलमधला जन्माचा भाग वाचून दाखवला. मुक्कामाच्या जागी खोली मिळाली नाही म्हणून बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, इथं आल्यावर धाकट्यानं त्यांना थांबवलं.

“आपल्या गोठ्यात असते तशी गव्हाण?”

“तशीच.”

तो गप्प झाला. घरी आल्याबरोबर बूट न काढता गोठ्यात गेला. मी मागून गेले तर बैल बाहेर बांधलेले, आणि हा गव्हाणीत आडवा झालेला. खाली तुरीचं कुटार. काही वेळ डोळे मिटून पडला आणि मग उठून मानेवरून हात फिरवत म्हणाला, “टोचते. त्यांनी खाली गोधडी टाकली असन ना?” त्याच्या मानेवर बारीक लाल रेघा उठल्या होत्या, कानामागं एक वाळका शेंगेचा तुकडा अडकला होता. चोवीस तारखेला तो आजीची जुनी गोधडी घेऊन चर्चमध्ये आला. तिथं गव्हाणीचा देखावा मांडला होता, त्यात मातीचं बाळ होतं. सिस्टर आजींनी पास्टरांना विचारलं, आणि गोधडीची एक घडी बाळाखाली ठेवू दिली. मी आजवर पुष्कळ नाताळ पाहिले, शहरातले, दिव्यांनी लखलखलेले. गरिबाघरच्या जन्माची ही गोष्ट मला या वर्षी पहिल्यांदा नीट ऐकू आली.

आणि हो, २५ डिसेंबरचा दिवस एकट्या नाताळचा नाही, हे मावशीनं सांगितलं. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. वस्तीत त्या दिवशी बायांची बैठक असते. एकाच तारखेला एका घरी पाळणा आणि दुसऱ्या घरी होळी, हे मुलांना विचित्र वाटलं नाही. मलाच ते कसं सांगावं याची धास्ती होती.

त्याच आठवड्यात महामार्गावरच्या धाब्यावर चहा प्यायला थांबलो होतो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर पंजाबी धाबे आहेत, तिथले एक सरदारजी ओळखीचे झालेत. मी त्यांना गुरू गोविंदसिंगांच्या जयंतीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, जयंतीच्या आधी आमच्याकडे दुःखाचे दिवस असतात. या दिवसांत त्यांची आई जमिनीवर झोपायची. गुरूंच्या धाकट्या दोन मुलांना सरहिंदला भिंतीत चिणून मारलं. मोठा नऊ वर्षांचा होता, दुसरा त्याहून लहान. हे मी थोरलीला सांगितलं, धाकट्याला नाही. तो सहा वर्षांचा आहे. काही गोष्टींना वय लागतं आणि ते ठरवणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे, असं मला वाटतं. त्याला एवढंच सांगितलं, की नामदेवांची पदं शिखांच्या ग्रंथात आहेत आणि गुरू गोविंदसिंगांचा शेवट नांदेडला झाला, गोदावरीकाठी.

ज्यूंचा हनुक्का नाताळाच्या आधीच आला होता. आमच्या ओळखीत ज्यू माणूस नाही, म्हणून आमच्या नियमाप्रमाणे दिवे मांडायचे नव्हते. गोष्ट सांगितली. जेरुसलेमचं मंदिर परत मिळालं, दिव्याला एका दिवसाचं तेल उरलेलं, आणि तो आठ दिवस जळला. मग मी म्हटलं, आपण पणतीत जवसाचं तेल घालून बघू, किती वेळ चालतं. दिवेलागणीला लावलेली पणती जेवणं होईस्तोवर मिणमिणत राहिली, आजी आडवी व्हायच्या आत विझली. थोरलीनं वेळ लिहिली आणि आठानं गुणली. धाकट्याचं म्हणणं, वात बारीक केली तर पुरलं असतं.

पण यातली मला मोहवणारी गोष्ट कोकणातली आहे. रायगड जिल्ह्यात शतकानुशतकं राहिलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचा त्यांचा धंदा, आणि शनिवारी धर्मानं सुटी, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. तेलाचा चमत्कार सांगणारा सण, आणि आपल्याकडचे ज्यू नेमके तेली! पण ते मूळ समाजापासून इतके आधी दुरावले होते, की हनुक्का त्यांना पुष्कळ नंतर कळला असं मानतात. थोरलीला याचं वाईट वाटलं. “त्यांच्याकडं एवढं तेल होतं तरी?” म्हणाली.

२१ डिसेंबरला अंगणात एक मीटरची काठी रोवली. भरदुपारी, आमच्याकडे साधारण सव्वाबाराला, सावली सर्वात आखूड होते तेव्हा मोजली. पंचाण्णव सेंटिमीटर भरली, काठीएवढीच जवळजवळ. संक्रांतीला, १४ जानेवारीला, पुन्हा मोजली. अठ्ठ्याऐंशी. थोरली उभी राहिली. “मंग सूर्य आधीच परतला ना? संक्रांत उशिरा आली?” खरं आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेला. फार पूर्वी, सुमारे सतराशे वर्षांमागं, मकर संक्रांत आणि हे वळण एकाच दिवशी येत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, एका फेरीला सुमारे सव्वीस हजार वर्षं लागतात, आणि त्यामुळं दोघांत दर बहात्तर वर्षांना एक दिवसाचं अंतर पडत गेलं. धाकट्यानं भोवरा फिरवून डुलणं दाखवलं. नाताळाचंही असंच काही आहे. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेली नाही. जुन्या रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा वर्षातला सर्वात लहान दिवस धरत. पूर्वेकडची काही चर्च अजून जुनं पंचांग पाळतात आणि नाताळ ७ जानेवारीला करतात. अंधार सर्वात मोठा होतो त्या सुमाराला किती जणांनी दिवा लावायचं ठरवलं!

एवढ्यावरून ‘सगळे सण शेवटी सारखेच’ असं मी मुलांना सांगत नाही. तसं म्हणणं सोपं आहे, ऐकायला गोड आहे, आणि त्यात समोरच्याचं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. संक्रांतीलाच त्याचा प्रत्यय आला. मला वाटलं, यंदा हळदीकुंकवाला मावशीला बोलवायचं. मी आमंत्रण घेऊन गेले. ती म्हणाली, “आमी हळदीकुंकू नाई करत, बाई. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना. तिळगूळ देजो, तो घेतो.” माझ्या मनात तिला आपल्यात घेण्याचं होतं. तिला मात्र आपल्यात यायचं नव्हतं, शेजारी राहायचं होतं, आणि तिळगूळ घ्यायचा होता. मी तिळगुळाचा डबा घेऊन पुन्हा गेले. तिनं बदल्यात ओल्या हरभऱ्याची जुडी दिली.

त्या दिवशी घरी बायका आल्या, सुगडं पुजली, बोरं-ऊस-हरभऱ्याचे घाटे भरले, वाण लुटलं. सासूबाई आतल्या खोलीत बसून होत्या. सासरे गेल्यापासून त्या अशा वेळी आतच बसतात. धाकटा दोन-तीनदा आत-बाहेर करून आला आणि सगळ्यांसमोर विचारता झाला, “आजीले वाण काहून नाई?” बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी सहा धर्मांचे सण समजावत फिरत होते आणि हे माझ्या घरात, दर वर्षी, माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. मी पहिलं वाण उचललं, आत गेले आणि त्यांच्या ओटीत ठेवलं. त्या म्हणाल्या, “कायले व माय.” पण परत दिलं नाही. स्टीलचा छोटा डबा होता. आता त्यात त्यांची तंबाखूची पुडी असते.

पौष अवसेला गावातले गोंड काका नागोबाच्या जत्रेला गेले, सीमेपलीकडं तेलंगणात केसलापूरला. मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी घेऊन येतात, आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घालून देतात. काकांनी परत आल्यावर मुलांना कचारगडची गोष्ट सांगितली. गोंदिया जिल्ह्यातली ती मोठी गुहा. तिच्यात कोंडलेली मुलं. त्यांना सोडवणारे गोंडांचे गुरू पारी कुपार लिंगो, माता जंगो रायतड, आणि ज्याच्या वाद्यानं गुहेच्या तोंडावरचा दगड हलला तो हिरासुका. दगड सरकला, मुलं सुटली, पण तो वाजवणारा त्याच दगडाखाली गेला. माघ पौर्णिमेला लोक तिथं जमतात. काका ही गोष्ट सांगताना दगड ढकलल्यासारखे दोन्ही हात पुढं करत होते आणि मुलं श्वास रोखून बसली होती.

तोवर तूर आली. खळ्यावरून पहिलं पोतं घरात आलं त्या दिवशी मी सूप घेऊन बसले. थोरलीला म्हटलं, एका वाटीत तीनशे पासष्ट दाणे मोज, सूर्याचं वर्ष. दुसऱ्या वाटीत तीनशे चोपन्न, चंद्राचे बारा महिने. दुपारभर ती मोजत होती, मधे दोनदा चुकली, धाकट्यानं एकदा वाटी लवंडली. शेवटी दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या आणि पहिल्या वाटीत जास्तीचे किती, ते तिनं तळहातावर काढले. अकरा. नव्या तुरीचे, लालसर, अजून थोडे ओलसर दाणे.

“हे अकरा दिवस कुठं जातात?” मी विचारलं.

सासूबाई आतून म्हणाल्या, “साठवाचे. तीन वर्षानं धोंड्याचा महिना येते तो कोठून येते मंग?”

मला हे पुस्तकातून सांगायचं होतं, त्या अनारसे तळता तळता शिकल्या होत्या. अकरा त्रिक तेहतीस, म्हणजे साधारण महिना. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना. यंदा, २०२६ सालीही आहे, अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून. ज्यूंच्या पंचांगातही असाच महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे त्यांचा आणि आपला सण ऋतू सोडत नाही. चाचीच्या पंचांगात महिना घालत नाहीत. तिथं दर वर्षी हे अकरा दाणे हातातून सुटतात आणि सण तेवढा अलीकडं सरकतो. तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जागेवर.

थोरली ते दाणे मुठीत घेऊन चाचीकडे पळाली. आम्हीही मागून गेलो. चाचीनं दाणे बघितले, हसली आणि म्हणाली, तिचं नवीन लग्न झालं तेव्हा रोजे असेच थंडीत आले होते. २००० सालची रमजान ईद २८ डिसेंबरला होती. सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, उठायचं तेव्हा चुलीशी बसूनही दात वाजायचे, पण दिवस लहान, तहान कमी. पुढं तेच रोजे मे-जूनच्या उन्हात आले. विदर्भाच्या उन्हात, पाण्याशिवाय, पंधरा तासांचे. “जो थंडीत रोजा ठेवते त्याले उन्हातला बी ठेवा लागते,” चाची म्हणाली. “सगळ्याईले सगळे मौसम भेटते.” जगभर पसरलेल्या लोकांचा सण एकाच ऋतूला बांधला असता तर कुणाच्या वाट्याला कायम उन्हाळा आला असता, हे माझ्या तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं.

१ फेब्रुवारीला माघ पौर्णिमा होती. कचारगडला यात्रा. त्याच पुनवेच्या रात्री, ज्यूंच्या पंचांगाप्रमाणे शेवत महिन्याची पंधरावी, झाडांचं नवं वर्ष. बेने इस्राएल त्याला ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हणतात, म्हणजे प्रेषित एलियाचा, आणि मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर, फळं घालून. उरूस आणि मलिदा! हे दोन्ही शब्द मुलांना चाचीच्या घरचे म्हणून ठाऊक होते. तिचा मलिदा पोळी-गुळाचा असतो. आणि दोन दिवसांनी तोच चंद्र थोडा कमी झालेला असताना शबे-बरात आली. पुरुष कब्रस्तानात जाऊन आले. चाची घरी पढत बसली होती. तिनं चण्याच्या डाळीचा हलवा केला होता, ताटल्यांवर रुमाल टाकून गावभर पाठवला, गेलेल्यांच्या नावानं.

भिंतीवरचा कागद एव्हाना फार बदलला होता. चौकटी उरल्या नव्हत्या, चिटोऱ्यांवर चिटोरे होते, गव्हाणीचं चित्र दोन धर्मांच्या ओळींवर पसरलं होतं. इस्लामपुढचं प्रश्नचिन्ह मात्र तसंच होतं. थोरलीनं ते खोडलं नाही. त्याच्यापुढं डिंकानं ते अकरा दाणे चिकटवले.

धाकट्याला हलव्याचं चित्र काढायचं होतं. खडू हातात घेऊन तो चाचीकडे गेला. मी दारातून बघत होते.

“चाची, हा खुशीचा दिवस हाय का आठवणीचा?”

“दोनी, बेटा. काहून?”

“फुगे काढाचे का नाई, ते समजत नाई.”

चाचीनं त्याला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, फुगे नको, दिवा काढ. मग त्यानं तिला मी सांगितलेली गोष्ट सांगितली, की २०३० साली रमजान दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. चाचीनं बोटांवर मोजलं. तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा असेल.

“मले उठवशीन का सहरीले?”

“थंडी राह्यते बाप्पा. उठशीन का तू?”

“गोधडी घेऊन येईन,” तो म्हणाला. “दोनी वेळा उठवजो.”